फॅसेट सांध्याची दुखी: एमआरआय असताना सुई कशाला?

महोदय,

कण्याच्या फॅसेट सांध्यांवरील (मणक्यांना मागच्या बाजूने जोडणारे छोटे सांधे) माझ्या लेखाविषयी आपण परखडपणे लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. एमआरआयमध्ये झीज स्पष्ट दिसत असताना निदानासाठी दोनदा सुई टोचणे म्हणजे बिल वाढवणे, हा आपला पहिला आक्षेप. आणि नस जाळण्याच्या उपचाराची मी भलामण केली, हा दुसरा. पहिला मला मान्य नाही. दुसरा बऱ्याच अंशी मान्य आहे.

पन्नाशी ओलांडलेल्यांच्या रिपोर्टात ‘फॅसेट आर्थ्रोपॅथी’ (या सांध्यांची झीज) हे शब्द बहुधा असतातच, मग कंबर दुखत असो वा नसो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या रहिवाशांच्या २००८ सालच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांच्या सीटी स्कॅनवर ही झीज आढळली, पण तिचा कंबरदुखीशी संबंध दिसला नाही. मागे वाकवून पाहण्याच्या तपासणीनेही दुखरा सांधा निश्चित होत नाही.

उरते ती भुलेची चाचणी: सांधा बधिर केल्यावर कळ थांबली, तर ती त्याच सांध्याची. प्रत्येक सांध्याच्या संवेदना दोन नसांच्या बारीक फांद्या वाहून नेतात, म्हणून त्या दोन्ही ठिकाणी, क्ष-किरणांच्या पडद्यावर सुईचे टोक पाहत, जेमतेम अर्धा मिलिलिटर औषध सोडतात. जास्त झाले तर ते शेजारी पसरते आणि उत्तर बिघडते. पुढचे काही तास रुग्णाने जिना चढावा, चपलेचा पट्टा लावायला वाकावे, ज्याने रोज कळ येते नेमके तेच करावे आणि दर अर्ध्या तासाने दुखीचा आकडा कागदावर लिहावा. (बरेच जण घरी जाऊन झोपतात आणि संध्याकाळी ‘बरं वाटलं’ म्हणून कळवतात, त्या उत्तराचा उपयोग शून्य.) एकाच चाचणीत खोटा होकार (सांधा दोषी नसतानाही आराम वाटणे) येण्याचे प्रमाण कमरेच्या बाबतीत साधारण २५ ते ४० टक्के आढळले आहे, म्हणून दुसऱ्या खेपेला वेगळ्या मुदतीची भूल वापरतात. नकार आला, तर पुढचा कितीतरी महाग उपचार टळतो.

आता माझी चूक. नस जाळण्याच्या त्या उपचारात सांध्याची हीच बारीक नस साधारण ८० अंशांवर मिनिट-दीड मिनिट तापवतात. ती पुन्हा वाढते, त्यामुळे आराम पडलाच तर तो बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकतो. मी ‘कायमचा’ हा शब्द वापरला होता, तो काढला आहे. नेदरलँड्समधील २०१७ सालच्या चाचण्यांत नुसत्या व्यायामापेक्षा या उपचाराचा लक्षणीय फायदा दिसला नाही. तेथे रुग्ण एकाच चाचणीवर निवडले होते, हा माझा आक्षेप कायम आहे. तरीही २०२५ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातील मार्गदर्शक सूचनांनी जुनाट कण्याच्या दुखीत या उपचाराविरुद्धच ठाम शिफारस केली, हे वाचकांना सांगायला हवे होते.

आपल्या बंधूंची कळ पोटरीखाली घोट्यापर्यंत जाते, असे आपण लिहिले आहे. फॅसेटची दुखी सहसा गुडघ्याच्या वरच थांबते, तेव्हा त्यांच्या बाबतीत आधी नस दबली आहे का ते पाहावे. आणि पायातली शक्ती कमी होत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.