२ स्टार देणाऱ्या ताईंना उत्तर, फ्रान्समधल्या कॉन्यॅक गावाची एक दिवसाची टूर

नमस्कार ताई, आधी सॉरी. मेसेजमध्ये मी ब्रँडीचं तीन ग्लास टेस्टिंग लिहिलं होतं आणि मिळाले दोनच, तिथल्या ब्रँडीवाल्यांनी ऐनवेळी एक कमी केला पण मी फोन करून विचारायला हवं होतं, चूक माझी.

पण "मालक काहीही फेकतो, म्हणे ब्रँडी हा शब्द फ्रेंच नाहीच, डच आहे" हे तुम्ही लिहिलंत ना, ते मात्र लागलं. नऊ वर्षं बोर्दोहून मराठी माणसांना घेऊन जातोय, फेकत नाही हो. डच जहाजं इथल्या, कॉन्यॅकच्या शारांत नदीवर मीठ आणि वाइन न्यायला यायची, सोळाव्या सतराव्या शतकातली गोष्ट, इथली वाइन हलकी, समुद्रात इतक्या दिवसांत खराब व्हायची म्हणून ते ती डिस्टिल करायला लागले, आधी तिकडे त्यांच्या देशात आणि मग इथेच भट्ट्या लावून, आणि त्याला म्हणायचे ब्रांडेवाइन, म्हणजे जाळलेली वाइन. इंग्रजांनी त्याचं ब्रँडीवाइन केलं आणि मग शेपूट गळून नुसतं ब्रँडी राहिलं. फ्रेंच लोकांचा स्वतःचा शब्द ओ-द-वी, जीवनाचं पाणी. (आपल्याकडे सर्दीला चमचाभर देतात तेव्हा तेही जीवनाचं पाणीच असतं म्हणा.) आणि कॉन्यॅक हे गावाचं नाव, १९०९ साली सरकारने हद्द आखून दिली, तिच्याबाहेरच्या द्राक्षांची कितीही भारी ब्रँडी असू दे, कॉन्यॅक लिहिता येत नाही. यात मी पदरचं काय घातलं सांगा.

तुमचे मिस्टर चिडले ते "मग आमच्या घरी असते ती काय" यावर. मी एवढंच म्हटलं की भारतात बरीचशी ब्रँडी उसाच्या मळीच्या स्पिरिटची असते. टोमणा नव्हता तो.

गोदामाच्या भिंती काळ्या, घाण जागा असंही लिहिलंय. ती काजळी नाही, बुरशी आहे. ब्रँडी मुरत ठेवतात त्या पिंपातून दरवर्षी साधारण २ टक्के दारू हवेत उडते, तिच्यावर ती वाढते, गावातल्या जुन्या गोदामांची छपरं तशीच काळी आहेत, तुम्ही बोट लावून बघितलंत तेव्हाच विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आणि घाईत उरकलं म्हणता, तर दहाला निघायचं होतं, तुम्ही खाली आलात पावणेअकराला, तिथला साडेबाराचा स्लॉट काही माझ्या हातात नसतो.

८५ युरोत पेट्रोल, टोल, टेस्टिंग सगळं येतं, मला उरतं ते मलाच माहीत. तुमचा रिव्ह्यू वाचून जूनचा एक ग्रुप मागे फिरलाय. असो. तिसऱ्या ग्लासाचं बघतो काहीतरी, आणि नावाची गोष्ट आता गाडीत नाही सांगणार, जेवण झाल्यावर सांगीन बहुतेक.