करार संपला म्हणून कुलूप घालता येत नाही

ऑक्टोबर जवळ आला की गोव्यातल्या म्हापसा, कळंगूट, हणजूण पट्ट्यात खोल्या रिकाम्या करून घेण्याची घाई सुरू होते. पर्यटकांचा मोसम आला, की आपल्या महिन्याच्या भाड्याकडे कोण बघतो? नेमका त्याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरू लागतो. सारांश असा: ११ महिन्यांचा करार संपला की मालक दुसऱ्या दिवशी कुलूप घालू शकतो, वीज-पाणी तोडू शकतो, पोलिसात नोंद नसलेल्या भाडेकरूला हक्कच नाही, बाहेरून आलेल्या गरिबाला सरकारकडून मोफत वकील मिळत नाही, आणि थकलेले भाडे भरून देणारी कुठली योजनाही नाही.

मेसेज वाचताना पहिली शंका आली ती ‘सक्षम प्राधिकारी’ आणि ‘दुप्पट भाडे’ या शब्दांवरून. हे महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यातले शब्द. तिथेही खोली रिकामी करून घ्यायला आदेश लागतोच. मेसेजवाल्याने तेवढा भाग सोयीस्कर गाळला. गोव्याला तो कायदा लागूच नाही. इथे 1968 चा इमारत भाडेपट्टा, भाडे व निष्कासन नियंत्रण कायदा आहे. सरकारी इमारतींसारख्या काही वास्तू त्यातून वगळल्या आहेत. बाकी ठिकाणी मालकाला भाडे नियंत्रकाकडे, म्हणजे रेंट कंट्रोलरकडे, अर्ज करून कारण सिद्ध करावे लागते.

भाडे थकले हेही कारण आहेच, पण त्यालाही पायऱ्या आहेत. एकूण तीन महिन्यांची थकबाकी, मग रजिस्टर नोटीस, आणि नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत पैसे न भरल्यास पुढचे. ती नोटीस घ्यायला नकार देऊ नका. नकार दिला तरी दिवस मोजायला सुरुवात होते.

आता ते ११ महिने. आकडा पवित्र वगैरे काही नाही. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा 1908 च्या नोंदणी कायद्याने नोंदवावा लागतो, ती दगदग आणि खर्च टाळायला ११. वर ‘लिव्ह अँड लायसन्स’ लिहिले म्हणून ते लायसन्स, म्हणजे नुसती राहण्याची परवानगी, ठरतेच असेही नाही. कागदाच्या नावापेक्षा व्यवहाराचे खरे स्वरूप बघायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्येच सांगितले आहे. उलट बाजूही सांगतो. फुकट राहू दिलेला राखणदार किंवा नातेवाईक यांना नुसत्या लांबलचक वास्तव्याने हक्क मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 2012 चा तसा निकाल गोव्यातल्याच एका घराबद्दल होता. आणि भाडे देणारा म्हणजे मुंडकार (जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीतल्या घरात राहणारा) नव्हे, त्याचा कायदा वेगळा. म्हणून सगळा खेळ भाडे दिल्याच्या पुराव्याचा.

हे मला आमच्या चाळीतल्या वहिनींमुळे कळले. त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासतात. निळ्या शाईने आखलेली एक वही, प्रत्येक महिन्यापुढे मालकाची सही. शेवटचे दोन महिने सही नव्हती, ‘मागाहून करतो’ म्हणाला. एका संध्याकाळी कामावरून आल्या तर कडीला नवे पितळी कुलूप. वही आतच! वाचवले फोनने: दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला यूपीआयने गेलेले पैसे, सोबत लिहिलेले ‘भाडे जुलै’, ‘भाडे ऑगस्ट’. दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात गेलो. अर्ज साध्या कागदावर लिहिला. वकीलबाईंनी आधी फोनच मागितला.

त्यांनी सांगितले ते असे. कायदेशीर प्रक्रिया न करता ताबा काढून घेतला, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून तो परत मागता येतो. मालकी कुणाची, हा वाद त्यात काढता येत नाही. सहा महिने लोटले की हा सोपा रस्ता बंद. धमकी, धक्काबुक्की, सामान फेकणे चालू असेल तर ‘दिवाणी मामला’ म्हणून गप्प बसायचे कारण नाही; 112 लावा.

‘वीज मालकाची’ या मुद्द्याला फार जागा देत नाही. वीज ही मूलभूत गरज आहे, मालकाचा ना-हरकत दाखला नाही एवढ्यावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले आहे.

पोलिसातली नोंद? गोव्याच्या 2024 च्या भाडेकरू पडताळणी कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. त्याने फॉर्म भरला नाही याची शिक्षा तुम्हाला कशी?

‘बाहेरच्याला वकील नाही’ हे तर सर्वांत वाईट, कारण ते ऐकून माणूस दारापर्यंतही जात नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात राज्याच्या रहिवासाची अट नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा. उत्तर आणि दक्षिण गोव्यात प्राधिकरणाची कार्यालये आहेत, आणि 15100 हा क्रमांक देशभर चालतो.

मेसेजमधले एक मात्र मान्य: थकलेले भाडे भरून देणारी योजना निदान मला तरी इथे सापडलेली नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या 2024 च्या नव्या टप्प्यात भाड्याच्या घरांचाही भाग आहे, पण आज रात्री पाठ टेकायला तिचा उपयोग नाही.

वहिनींचे कुलूप वकिलांचे पत्र गेल्यावर चौथ्या दिवशी निघाले. वही आता त्या कामावर जाताना पिशवीत घेऊन जातात.