अण्णांच्या वहीत देशाचा रकाना नाही

आज सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्लिप आली. एक रॉकेट उडतं, काही सेकंदांत कलंडतं, पेटतं. कुठल्या देशाचं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण कुठलंही असतं तरी खाली तेच आलं असतं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग, "बरी जिरली", आणि शेवटी आपला झेंडा. चांगली शिकलेली माणसं आहेत ही. त्यातले दोघे इंजिनिअर आहेत. एखादं यंत्र उभं करायला किती रात्री जातात हे त्या दोघांना तरी ठाऊक असायला हवं होतं.

ग्रुपवर मी काही बोललो नाही. तिथे बोललं की आठवडाभर रुसवेफुगवे चालतात. म्हणून इथे लिहितोय. तुम्ही माझी माणसं आहात, ते हसणं तुम्हालाही खुपलंच असतं.

अण्णांची एक वही आहे. माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक बघायचा नाद लागला. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सूर्य मावळल्यावर किंवा उगवायच्या आधी एक ठळक ठिपका क्षितिजावरून वर चढतो. विमानासारखा लुकलुकत नाही, आवाज नाही, चारपाच मिनिटांत आकाश ओलांडतो. कधी कधी डोक्यावर असतानाच विझतो, कारण पृथ्वीच्या सावलीत शिरतो. सुमारे ४०० किलोमीटर उंची, ताशी २८ हजार किलोमीटर वेग, दीड तासात पृथ्वीला एक फेरी. आणि त्या ठिपक्यात माणसं असतात. २ नोव्हेंबर २००० पासून एकही दिवस ते रिकामं राहिलेलं नाही.

वहीत पट्टीने आखलेले पाच रकाने आहेत. तारीख, वेळ, दिशा, किती जण, नावं. नावं मी नेटवर बघून सांगायची, त्यांनी पेन्सिलीने लिहायची. 'श्काप्लेरोव्ह' हे नाव त्यांनी पहिल्यांदा लिहिताना तीनदा खोडलंय. तिथे कागद पातळ झालाय, बोट फिरवलं की लागतं.

देशाचा रकाना नाही. का नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "जागा उरली नाही. नावं लांब असतात रे." बस, एवढंच.

त्या वहीतली एक नोंद १५ नोव्हेंबर २०२१ ची आहे. त्या दिवशी रशियाने आपलाच एक जुना निकामी उपग्रह, १९८२ मध्ये सोडलेला कॉसमॉस-१४०८, क्षेपणास्त्र मारून फोडला. माग काढता येतील एवढे मोठे तुकडेच दीड हजारावर झाले. स्थानकात सात जण होते. त्यांना झोपेतून उठवून आतली दारं बंद करायला लावली आणि परतीच्या यानांत जाऊन बसा म्हणून सांगितलं. चौघे ड्रॅगन या अमेरिकी यानात गेले. उरलेले तिघे रशियन सोयुझमध्ये: अँटन श्काप्लेरोव्ह, प्योत्र दुब्रोव्ह आणि मार्क वांदे हाय. दोन रशियन, एक अमेरिकी. सोयुझमध्ये गुडघे छातीशी घेऊन बसावं लागतं, इतकी जागा कमी. रशियाने केलेल्या चिंध्यांपासून वाचण्यासाठी रशियाच्याच यानात हे तिघे एकमेकांना खेटून बसले होते, आणि दर दीड तासाने स्थानक त्या तुकड्यांच्या आसपास जात होतं.

अण्णांनी त्या दिवशी 'किती जण' मध्ये १० लिहिलं. मी म्हटलं, "अण्णा, सात." ते म्हणाले, "चिनी स्थानकात तिघं आहेत ना? तुकडे त्यांनाही लागले असते."

मला त्या दिवसाचा राग अजून जात नाही. आणि तो एकट्या रशियावर नाही. चीनने ११ जानेवारी २००७ ला आपला हवामान उपग्रह सुमारे ८५० किलोमीटर उंचीवर फोडला, त्याचे तीन हजारांवर तुकडे मोजले गेले आणि त्यातले कितीतरी आजही फिरताहेत. अमेरिकेने २००८ मध्ये फोडला. आपण २७ मार्च २०१९ ला फोडला. हो, आपला खूप खाली, ३०० किलोमीटरच्या आसपास होता आणि बहुतेक तुकडे लवकर जळून गेले, हे मान्य. पण त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या होत्या. खूप वाजवल्या. अण्णा शेजारी बसले होते आणि त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "स्थानक त्याच्या वर होतं का खाली?"

तर मुद्दा. आपण सगळे म्हणतो की अवकाशात देश एकत्र येतात ते विज्ञानाच्या प्रेमाने. मला नाही वाटत. ते एकत्र राहिले कारण अडकलेले होते. रशियन भागाला विजेचा मोठा वाटा मिळतो अमेरिकी सौरपंखांकडून. स्थानक हळूहळू खाली घसरतं, त्याला पुन्हा वर ढकलण्याचं काम वर्षानुवर्षं मुख्यतः रशियन इंजिनं करत आलीत. अलीकडे दुसऱ्या यानांनीही ढकलून दाखवलंय, ठीक आहे. पण बांधणीच अशी की एकाने हात काढला तर दोघंही गेले. अडला हरी म्हणा हवं तर. प्रेम म्हणाल तर २००९ मध्ये गेनाडी पडाल्का या रशियन कमांडरने जाहीर तक्रार केली होती की आम्हाला एकमेकांची संडासं आणि व्यायामाची सायकलसुद्धा वापरू देत नाहीत. इतकं क्षुद्र भांडण तिथेही पोचलं होतं. तरी स्थानक चाललं. कारण सायकल वेगळी ठेवता येते, कक्षा कशी वेगळी ठेवणार?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचं युक्रेनशी युद्ध सुरू झालं तेव्हा मी इतका चिडलो होतो की अण्णांना म्हटलं, "आता यांची नावं कशाला लिहायची?" टीव्हीवर उद्ध्वस्त इमारती दिसत होत्या आणि इथे मी रशियन नावांची अक्षरं जुळवत बसलो होतो. मला ते सहन होत नव्हतं. अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली नाही. म्हणाले, "श्काप्लेरोव्हमध्ये प अर्धा ना?"

३० मार्च २०२२ ला तेच तिघे, श्काप्लेरोव्ह, दुब्रोव्ह आणि वांदे हाय, त्याच सोयुझमध्ये बसून कझाकस्तानात उतरले. वांदे हाय आणि दुब्रोव्ह ३५५ दिवस वर होते. वर गेले तेव्हा त्यांचे देश निदान बोलत होते. उतरताना बोलणं जवळपास तुटलेलं होतं. तरी यान उतरलं आणि अमेरिकी माणूस घरी गेला. वहीत त्या तारखेखाली अण्णांनी आडवी रेघ मारून लिहिलंय, "तिघे खाली सुखरूप."

कोणी म्हणेल, त्याने युद्ध कुठे थांबलं? नाही थांबलं. कबूल. पण त्याच वर्षी जुलैमध्ये नासा आणि रशियाची अंतराळ संस्था रॉसकॉसमॉस यांनी एकमेकांच्या यानांत जागा देण्याचा करार केला आणि ऑक्टोबरमध्ये आना किकिना ही रशियन अंतराळवीर अमेरिकी यानातून वर गेली. जिथे अडकलेपण नव्हतं तिथे काय झालं तेही बघा. युरोपची रोझलिंड फ्रँकलिन ही मंगळावरची बग्गी बांधून तयार होती, सप्टेंबर २०२२ मध्ये रशियन रॉकेटवरून, रशियाने केलेल्या उतरण-यानावर बसून जाणार होती. मार्चमध्ये करार थांबला. ती बग्गी अजून पृथ्वीवरच आहे, २०२८ च्या आधी निघणार नाही. तिच्यावर काम करणाऱ्यांच्या आयुष्यातली ती वर्षं गेली. कोणाची चूक वगैरे मी आज बोलत नाही. रशियाने युद्ध केलं, युरोपने हात काढून घेतला, मीही कदाचित तेच केलं असतं. पण पोटात तुटतं.

आणि आता परत त्या हसण्याकडे येतो. याच ग्रुपवर १९ ऑगस्ट २०२३ ला, रशियाचं लूना-२५ चंद्रावर आदळलं तेव्हाही असंच हसणं झालं होतं. चार दिवसांनी आपलं चंद्रयान-३ उतरलं आणि मग काय, विचारूच नका. मीही रडलो होतो त्या संध्याकाळी, आनंदाने, अण्णांचा हात धरून. पण विक्रमच्या पाठीवर काय बसवलंय माहीत आहे? नासाचा पाच सेंटिमीटरचा एक छोटा घुमट, त्यात आठ लोलक. १२ डिसेंबर २०२३ ला चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने १०० किलोमीटरवरून त्याच्यावर लेसर सोडला आणि तो परतून आला. विक्रम केव्हाच झोपला होता, पण त्या घुमटाला वीज लागत नाही, प्रकाश पडला की तो परत पाठवतो. उतरण्याच्या प्रवासातही नासा आणि युरोपीय अंतराळ संस्थेच्या मोठाल्या अँटेना आपल्या यानाचं ऐकत होत्या. "कोणाची मदत न घेता" असे जे मेसेज ग्रुपवर फिरले ना, ते खरे नाहीत. आपल्या यशात इतरांचे हात आहेत म्हणून ते कमी होतं का? मला तर ते मोठं वाटतं.

स्पर्धा नसती तर १९६९ मध्ये चंद्रावर कोणी गेलंच नसतं, हे खरंच आहे. पण सहाच वर्षांनी, १७ जुलै १९७५ ला, त्याच दोन देशांची यानं वर एकमेकांना जोडली गेली आणि अमेरिकेचे स्टॅफर्ड आणि सोव्हिएत संघाचे लिओनोव्ह यांनी दारातून हात मिळवले. त्या जोडणीसाठी मुद्दाम नवी रचना करावी लागली. आधी एक यान घुसणारं आणि दुसरं घेणारं असायचं. यावेळी दोन्ही बाजूंना सारखीच कडी केली, कोणीही कोणाला धरू शकेल अशी. आजच्या चिनी यानांची जोडणीही त्याच घराण्यातली आहे.

आणि त्याच चीनशी अमेरिकेच्या नासाने थेट काम करू नये म्हणून २०११ पासून कायद्यात कलम आहे. तंत्रज्ञान चोरीला जाईल ही भीती, आणि ती अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये काय झालं? चिनी स्थानकाला जोडलेल्या शेनझोऊ-२० या परतीच्या यानाच्या खिडकीला तडा गेला, कचऱ्याचा बारीक तुकडा लागला असावा असा अंदाज. मग त्यातले तिघे १४ नोव्हेंबरला दुसऱ्या तुकडीचं यान घेऊन खाली आले आणि मागे राहिलेल्या तिघांकडे २५ नोव्हेंबरपर्यंत भरवशाचं यानच नव्हतं. अकरा दिवस. दोन्ही स्थानकांच्या कक्षा इतक्या वेगळ्या की इथून तिथे जाता आलंच नसतं, मला माहीत आहे. तरीही. त्या अकरा दिवसांत आमच्या ग्रुपवर एक शब्द आला नाही. रॉकेट पेटल्याची क्लिप मात्र दहा मिनिटांत येते.

आता २०३० नंतर हे स्थानक खाली आणून प्रशांत महासागरात बुडवायचं ठरलंय. म्हातारं झालंय, आतली हवासुद्धा गळायला लागली होती, उतरवायलाच हवं. चीनचं स्वतःचं आहे. रशिया स्वतःचं बांधणार म्हणतो. आपणही २०३५ पर्यंत बांधणार आणि ते वर गेलं की मी पहिला बघायला उभा असेन. पण मला भीती वाटते ती याचीच. प्रत्येकाची वीज वेगळी, इंजिन वेगळं, दार वेगळं. मग पुढचं युद्ध झालं की कोणाला कोणासाठी थांबायची गरज उरणार नाही.

दुपारी मी ती क्लिप अण्णांना दाखवली. त्यांना आता नीट दिसत नाही. फोन डोळ्यांजवळ धरून त्यांनी दोनदा बघितली. मग विचारलं, "आत कोणी होतं का?"

"नाही अण्णा, रिकामं होतं."

"बरं झालं." फोन माझ्या हातात देत म्हणाले, "आज किती वाजता आहे?"

मी बघून सांगितलं. वायव्येकडून, अंधार पडल्यावर लगेच. पेन्सिलीला टोक काढून ठेव, म्हणाले.