त्या रात्री तुम्ही जेवायला कधी बसलात? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नाशिकच्या ताई,

तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच दिवशी दोन ओळींचं उत्तर लिहिलं होतं. मग ते पुसलं. राग आला होता म्हणून पुसलं, आणि नंतर लक्षात आलं की राग येण्याचं कारण म्हणजे तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: पेसाह हा आम्हा ज्यूंचा, मिसरच्या म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याचा सण, आणि त्या दिवसांत घरात पावाचा कणही ठेवायचा नसतो. ‘पेसाहच्या आधीचे तीन आठवडे’ या लेखात मी इस्राएलातल्या अश्दोद शहरातल्या आमच्या घरातली धांदल लिहिली होती. कपाटं रिकामी करणं, ओव्हन खरवडणं, मुलांच्या दप्तरांतून बिसली या गव्हाच्या कुरकुरीत खाऊचा चुरा झटकणं, तांदूळ निवडणं, मनुकांचं शरबत. त्यावर ताईंनी लिहिलं: “सण गुलामगिरीतून सुटल्याचा, आणि त्यासाठी घरातली बाई तीन आठवडे राबणार. पावाचा एक तुकडा राहिला तर काय आभाळ कोसळतं? माझ्या आईने तीस माणसांचे गणपती केले, ती कधी पंगतीत बसलेली मी पाहिली नाही. तुम्ही त्याच कष्टांचं कौतुक करता. त्यात शेजारी तांदूळ खात नाहीत, तुम्ही खाता. मग हा नियम कसला, ही तर ज्याची त्याची मर्जी. एवढंच सांगा, त्या रात्री तुम्ही स्वतः जेवायला कधी बसलात?”

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करते. मी तो लेख पुन्हा वाचला. त्यात सगळीकडे ‘आम्ही’ आहे. आम्ही फ्रीज रिकामा केला, आम्ही डबे धुतले. आपल्या भाषेत ‘आम्ही’ हा फार सोयीचा शब्द आहे, कोण वाकलं आणि कोण नुसतं घरात होतं ते त्याच्या आड दिसत नाही. कोणी काय केलं ते मी लिहायला हवं होतं.

तुमच्या आईसारखी माझी आईही आहे. मी ठाण्यात वाढले. पेसाहच्या आधी घराला चुना लागायचा, कल्हईवाला आला की तांब्याची भांडी खाली जायची, वर्षाचा मसाला नव्याने कांडून धुतलेल्या बरण्यांत भरला जायचा. मी नऊ-दहा वर्षांची असेन. सेदरच्या रात्री, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्री, सगळ्यात लहान मुलाने चार प्रश्न विचारायचे असतात: ही रात्र बाकीच्या रात्रींहून वेगळी का? घरात शेंडेफळ मी. मी विचारलं, बाबा हगादातून, म्हणजे त्या रात्री वाचायच्या पोथीतून, उत्तर वाचायला लागले, आणि मी सहज मान वळवली तर आई स्वयंपाकघराच्या चौकटीला डोकं टेकून झोपली होती. हातात ओलं फडकं तसंच होतं. तिला कोणी उठवलं नाही. सगळ्यांना वाटलं, दमली आहे, झोपू दे. प्रेमानेच वाटलं. पण मिसरमधून बाहेर पडण्याची गोष्ट तिने त्या वर्षी ऐकली नाही.

पुढे माझ्याच घरात हे घडलं. 2008 साली सेदर शनिवारी रात्री आला होता. असं क्वचित होतं, आणि झालं की सगळी कामं शुक्रवारच्या सूर्यास्ताआधी आटपावी लागतात, कारण तेव्हा सुरू होणाऱ्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, चूल पेटवायची नाही. मी आठवडाभर नीट झोपले नव्हते. सेदरला चार पेले प्यायचे असतात, त्यातल्या दुसऱ्या पेल्यानंतर ‘जरा पाठ टेकते’ म्हणून आत गेले ती सकाळीच उठले. दहा वर्षांच्या मुलीने विचारलं, “आई, काल समुद्र दुभंगला तेव्हा तू कुठे होतीस?” तिला काही दोष द्यायचा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या वर्षानंतर आमच्या घरातली कामाची वाटणी बदलली. ते मी मागच्या लेखात लिहिलं नाही, ती माझी चूक.

आता पावाच्या तुकड्याबद्दल. मराठी बायबलमध्ये ज्याला वल्हांडण म्हटलंय तो हा सण. ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या पंधराव्या तिथीपासून इस्राएलात सात दिवस, ठाण्यात आठ. या दिवसांत घरात खमीर नको. गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट या पाच धान्यांचं पीठ ओलं झालं आणि न भाजता अठरा मिनिटं पडून राहिलं की ते खमीर. मात्झा म्हणजे त्याच्या आत मळून, लाटून, भाजून निघालेली बेखमीर भाकर. हे तुम्हाला वेड वाटतं. पण शास्त्रात प्रत्यक्ष काय सांगितलंय ते मीही फार उशिरा वाचलं. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमग्रंथातलं पेसाहवरचं प्रकरण सुरू होतं तेच शोधापासून, आणि लगेच दुसऱ्या वाक्यात मर्यादा घातली आहे: जिथे खमीर नेलं जात नाही ती जागा शोधायची गरज नाही. लगेच पुढे प्रश्न येतो की मुंगसासारख्या एखाद्या छोट्या जनावराने या घरातला तुकडा त्या घरात ओढून नेला असेल तर? उत्तर असं की त्याची काळजी करायची नाही, कारण मग एका घरातून दुसऱ्या, एका गावातून दुसऱ्या गावात, त्याला अंतच राहणार नाही.

सणाच्या आदल्या रात्री मेणबत्ती, पीस आणि लाकडी चमचा घेऊन आम्ही घरभर फिरतो. पावाचे दहा तुकडे आपणच लपवलेले असतात, ते मुलं शोधतात. शोध संपला की अरामी भाषेतलं एक वाक्य म्हणायचं: माझ्याकडे असलेलं जे खमीर मी पाहिलं नाही, काढून टाकलं नाही, ते आता माझं नाही, ते जमिनीच्या धुळीसारखं समजावं. म्हणजे ताई, राहिलेल्या तुकड्याने आभाळ कोसळत नाही, हे तुमच्याआधी त्या जुन्या लोकांनीच सांगून ठेवलंय. शोधायचं, आणि मग सोडून द्यायचं.

पडदे, खिडक्या, पुस्तकांचं कपाट हे सगळं आम्ही बायकांनी त्यावर चढवलं. शेजारणीने काय केलं ते बघून, सासूबाई काय म्हणतील ते मनात धरून. इथे इस्राएलात एक वाक्य सगळ्यांना ठाऊक आहे: धूळ म्हणजे खमीर नव्हे, आणि पोरं म्हणजे पेसाहचा बळी नव्हे. मी ते मनावर घेतलं. पुस्तकांच्या कपाटाला आता मी हात लावत नाही. पडदे उन्हाळ्यात धुतो. फ्रीज आणि ओव्हन नवरा करतो, कारण वाकून मागचा कोपरा गाठणं माझ्या पाठीला झेपत नाही. स्टीलची भांडी उकळत्या पाण्यातून काढून घ्यायला मुलगा नेतो. पेसाहच्या आधी इथे रस्त्यावर त्यासाठी मोठी पातेली मांडलेली असतात. सकाळी मैदानात खमीर जाळायला नातवाला घेऊन तोच जातो. मनुका रात्री मी भिजवते, वाटून गाळते मुलगी.

“मग सगळंच का सोडत नाही?” असं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या लिहिण्यात ते आहे. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही, आणि यामागे आमच्या लोकांचा इतिहास आहे.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं आणि वाचलेल्यांनी कोकणात घरं केली, अशी आमची कथा. गावोगाव तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून शनिवार तेली. पुस्तकं राहिली नाहीत, हिब्रू विसरली गेली. हगादा नव्हती, त्यामुळे मिसरची गोष्ट वाचून दाखवायला कोणी नव्हतं. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आमचा इतिहास लिहिला, तो छापला गेला 1937 साली. त्यात आमच्या सणांची जुनी मराठी नावं येतात: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. आणि पेसाहचं नाव आहे ‘अनाशी ढाकायचा सण’. अनास म्हणजे कालवणासाठी वापरायचा आंबट रस. त्याचं भांडं आठ दिवस झाकून ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही.

विचार करा, ताई. भाषा गेली, पुस्तक गेलं, कारणही गेलं, आणि उरलं काय, तर स्वयंपाकघरातलं एक भांडं वर्षातून आठ दिवस झाकायचं. ते भांडं कोणी झाकलं असेल? कुठल्या तरी पेणच्या, रोह्याच्या घरातल्या बाईने, आईने सांगितलं म्हणून, आणि तिच्या आईने तिला सांगितलं म्हणून. पुढे हगादा मराठीत आली, 1846 साली मुंबईत आणि 1874 साली पुण्यात छापली गेली. पुण्याच्या हगादात एक चित्र आहे, त्यात साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्झा करताहेत. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ पान उलटलं नाही. ज्या कामाला तुम्ही गुलामी म्हणता, त्याच कामाच्या हातांनी आमचा सण इथवर आणला. ते काम मला टाकून द्यायचं नाही. ते एकटीच्या अंगावर पडू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

तांदळाचंही तेच. ज्यांचे पूर्वज पोलंड-जर्मनीकडचे, ते अश्केनाझी या दिवसांत तांदूळ आणि कडधान्यं खात नाहीत. त्यांच्याकडे ती चाल मध्ययुगापासून आहे. आमच्याकडे ती कधी नव्हती, आणि कोकणातल्या माणसाला तांदूळ सोडायला सांगणार तरी कसं? आम्ही तांदूळ खातो, पण गव्हाचा दाणा मिसळला नाही ना म्हणून तो तीनदा निवडतो. पांढरी चादर पसरायची, ओंजळभर तांदूळ टाकायचे, दाणा न् दाणा बोटाने सरकवायचा. आई आता ब्याऐंशीची आहे, डोळ्यांना कमी दिसतं, तरी तिचं बोट तांदळावरून फिरलं की बाकीचे गप्प होतात. माझी सून अश्केनाझी घरातली. ती पेसाहात भात खात नाही, तिच्यासाठी वेगळं पातेलं असतं, बटाट्याचं. पण तांदूळ निवडायला ती आमच्याबरोबर चादरीवर बसते. गेल्या खेपेला सहा वर्षांच्या नातवाला गव्हाचा एक दाणा सापडला. तो मुठीत धरून सगळ्या घराला दाखवत फिरला. आईने त्याला विचारलं, “हा तिथे मिसरमध्ये असता तर काय केलं असतं आपण?” आणि मग सेदरच्या तीन दिवस आधीच गोष्ट सुरू झाली. याला तुम्ही मुलांना कामाला जुंपणं म्हणाल का, ते तुम्हीच ठरवा. मला नाही वाटत.

एक गोष्ट राहिली, आणि माझ्यासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. सेदरला डाव्या कुशीवर टेकून बसायचं असतं, मोकळ्या माणसासारखं. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नाच्या नियमांवरच्या चर्चांच्या ग्रंथात, चर्चा आहे की बाईने टेकून बसावं का. नवऱ्याजवळ बसलेल्या बाईला त्याची गरज नाही, असं आधी म्हटलंय. पण लगेच पुढे आहे: ती मानाची बाई असेल तर तिने टेकलंच पाहिजे. मध्ययुगातल्या काही पंडितांनी त्यावर लिहिलं की आमच्या सगळ्याच बायका मानाच्या. चार पेल्यांबद्दल तर शंकाच नाही: बायकांनी ते प्यायलेच पाहिजेत, कारण त्या चमत्कारात त्याही होत्या. त्याच प्रकरणात असंही आहे की रब्बी अकिवा पेसाहच्या संध्याकाळी मुलांना भाजलेले दाणे आणि अक्रोड वाटायचे, त्यांना झोप लागू नये आणि त्यांनी प्रश्न विचारावेत म्हणून. मुलं जागी राहावीत याची त्यांनी इतकी काळजी घेतली! आईने जागं राहावं याची काळजी आमच्या घरात आम्ही घेतली पाहिजे, असं मी 2008 नंतर ठरवलं. म्हणून सणाच्या दिवशी दुपारी दोन ते पाच स्वयंपाकघराला कडी असते. त्या वेळात मी झोपते, मुलगी झोपते, आई झोपते. जे झालं नसेल ते झालं नाही.

आता तुमचा प्रश्न. 2025 साली पुन्हा तसाच योग आला, सेदर शनिवारी रात्री. शब्बाथ संपल्यावर टेबल मांडायला साडेआठ झाले. पहिली उशी आईच्या खुर्चीवर ठेवली, दुसरी माझ्या. नातवाने प्रश्न विचारले, आधी हिब्रूत आणि मग मराठीत, आईसाठी. जेवण सव्वादहाला सुरू झालं, तेव्हाच मीही जेवायला बसले. मध्ये दोनदा उठले: एकदा अंड्यांसाठीचं मिठाचं पाणी आणायचं राहिलं होतं म्हणून, एकदा आईची गोळी द्यायला. बाकी वाढलं ते नवऱ्याने आणि मुलाने. भात थोडा खाली लागला होता, तो तसाच खाल्ला.

शेवटचं गाणं संपलं तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. आई जागी होती. भांडी सकाळपर्यंत तशीच होती, ती मुलाने घासली.