भाडं दोघांचं, माणूस एक

समुद्रावर चार दिवस शांतपणे एकटं राहावं म्हणून जे लोक क्रूझचं तिकीट काढतात, त्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. हजारो माणसांनी भरलेल्या जहाजावर एकट्या बाईला कुणीही एकटं सोडत नाही. लिफ्टमध्ये शिरलं की "मिस्टर मागून येतायत का?" म्हणून कुणीतरी दार धरून ठेवतं. डेकवरच्या खुर्चीत पुस्तक उघडावं, तर शेजारच्या आजीबाई काळजीने विचारतात, "सगळं ठीक आहे ना?" पुस्तक वाचणारी एकटी बाई काहीतरी दुःख गिळते आहे, याबद्दल सगळ्या खंडांतल्या लोकांचं एकमत आहे.

मला दुःख होतं, पण ते भाड्याचं होतं.

क्रूझच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात जो मोहक आकडा असतो, त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं : माणशी, दोघांच्या केबिनमध्ये. एकटे निघालात की न आलेल्या दुसऱ्या माणसाचं भाडंही तुमच्याच माथी. कधी थोडं, कधी अर्धं, आणि कित्येकदा अख्खंच्या अख्खं. कंपन्यांचा हिशोब सरळ आहे. केबिन दोघांची, ती तुम्ही एकटीने अडवली. शिवाय दुसरा माणूस आला असता तर त्याने बारमध्ये, स्पामध्ये, कॅसिनोत पैसे उडवले असते, तेही बुडाले. म्हणजे जो आलाच नाही, त्याच्या जुगाराचे पैसेसुद्धा मीच भरायचे.

एकट्यांचा विचार कुणी केलाच नाही असं नाही. 2010 मध्ये 'नॉर्वेजियन एपिक' हे जहाज आलं, त्यात एकट्या प्रवाशांसाठी 128 छोट्या केबिन होत्या. केबिनला खिडकीही होती, फक्त ती समुद्राकडे नव्हती, कॉरिडॉरकडे होती. एकट्या माणसाला लाटा काय करायच्यात, येणारे-जाणारे बघत बसेल बिचारा, असं कुणाला तरी वाटलं असावं.

माझ्या जहाजावर तेही नव्हतं. तेव्हा मी ठरवलं, भाडं भरलंय ना, मग दुसरा माणूस आहे असंच धरून चालायचं. त्याच्या वाटच्या टॉवेलने मी केस पुसले. त्याचा झगा आंघोळीनंतर आणि माझा कॉफी पिताना. रात्री उशीवर ठेवलेलं त्याचं चॉकलेट खाताना मला जराही अपराधी वाटलं नाही. सहप्रवासी म्हणून माणूस उत्तम होता. घोरत नव्हता, एसीच्या आकड्यावरून वाद घालत नव्हता. टिपा माणशी घेतात, त्यामुळे त्याची टीपही द्यावी लागली नाही. एवढीच काय ती त्याची कमाई.

पण सुरक्षेच्या कवायतीला त्याने मला तोंडघशी पाडलं. धोक्याचा इशारा म्हणजे भोंग्याचे सात छोटे आवाज आणि एक लांब. 2012 च्या 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' या क्रूझ जहाजाच्या अपघातानंतर नियम कडक झाले आणि ही कवायत आता जहाज सुटतानाच उरकावी लागते, ते योग्यच आहे. ठरलेल्या जागी एक तरुण खलाशी कार्डं तपासत होता.

"तुमच्या केबिनमधले दुसरे कुठे आहेत?"

"नाहीत."

"उशिरा येणार आहेत?"

"येणारच नाहीत."

त्याने यादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आय अ‍ॅम सॉरी." डोक्यावरची टोपी काढायची तेवढी राहिली.

एकट्याची खरी कसोटी मात्र बुफेत लागते. तुम्ही ताट भरून आणता, छान खिडकीजवळचं टेबल पकडता आणि लक्षात येतं की पाणी राहिलं. दोघं असले की एक बसतो, एक उठतो. एकट्याने उठायचं कसं? जहाजावरचे वाढपी इतके तत्पर, की तुमची पाठ वळायची खोटी. पाणी घेऊन परतले तर टेबल पुसून लख्ख, त्यावर नवे काटे-चमचे, आणि मी ज्या ऑम्लेटचा जेमतेम एक घास घेतला होता ते दिवंगत झालेलं. दुसऱ्या खेपेला खुर्चीवर जॅकेट ठेवून गेले. जॅकेट राहिलं, ताट गेलं. तिसऱ्या खेपेला ताटावर उघडं पुस्तक पालथं घातलं. परत आले तर पुस्तक मिटून बाजूला ठेवलेलं, आत खूण म्हणून पेपर नॅपकिन, आणि ताट गायब. याला सेवा म्हणावं की छळ, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"अगं बाई, गेलं पुन्हा!" असं माझ्या तोंडून निघालं आणि मागच्या टेबलावरून आवाज आला, "मराठी का?"

अशा रीतीने काका-काकू माझ्या आयुष्यात आले.

"एकटीच?" काकूंनी विचारलं.

"हो."

"मिस्टर?"

"घरी. त्यांना बोट लागते."

"आणि सोडलं तुला?" हे त्यांनी माझ्यावरून नजर काढून काकांकडे बघत विचारलं. काका टोस्टला लोणी लावत होते. ते म्हणाले, "तुमचं बरं आहे हो." मग त्यांनी आपलं गाऱ्हाणं मांडलं. अनेक कंपन्यांचा नियम असा, की केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यायचं. काकू सरबतापलीकडे जात नाहीत. त्यामुळे काकांना दर संध्याकाळी दोन पॅकेजच्या किमतीकडे बघून लिंबूपाणी प्यावं लागत होतं. न आलेल्या माणसापेक्षा आलेलं माणूस महाग पडू शकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्या दिवसापासून काकू माझ्या ताटावर पहारा देऊ लागल्या. मोबदल्यात माझा पगार, सासर, ब्लडप्रेशर आणि मुलं न होण्यामागची कारणं एवढी माहिती त्यांनी पाणी आणायच्या अवधीत गोळा केली.

जहाजाच्या कार्यक्रमपत्रिकेत 'एकट्या प्रवाशांचा मेळावा' असाही एक प्रकार असतो. वेळ संध्याकाळची, ठिकाण बार. मी गेले. बारमध्ये बरीच माणसं होती, प्रत्येक जण एकेका टेबलावर, प्रत्येकाच्या हातात एकेक ग्लास, आणि यातले मेळाव्याचे कोण आणि नुसतेच प्यायला आलेले कोण हे ओळखायचा काही मार्ग नव्हता. आम्ही सगळे तासभर एकमेकांची वाट बघत बसलो आणि उठून गेलो. माझ्या मते मेळावा यशस्वी झाला.

आता बंदरांविषयी. क्रूझच्या नकाशावर लिहिलेलं शहर आणि जहाज लागतं ते शहर, यांचं नातं लांबच्या आतेभावासारखं असतं. 'पॅरिस' म्हणतात आणि उतरवतात ल हाव्रला, तिथून पॅरिस सुमारे 200 किलोमीटर. 'बर्लिन'ची तर कमालच आहे. बर्लिनला समुद्र नाही, पण म्हणून काय झालं? बाल्टिकच्या काठावर वार्नेम्युंडला उतरायचं आणि जायला तीन तास, यायला तीन तास गाडीत बसायचं. बर्लिनची भिंत बघेपर्यंत आपली पाठ भिंत झालेली असते.

आमचं 'रोम' म्हणजे चिवितावेक्किया. रोमपासून सत्तरेक किलोमीटर. बंदर मात्र अस्सल रोमन आहे, सम्राट ट्राजानने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बांधून घेतलेलं. जहाजाच्या बसने रोमला जायचे दर ऐकून मी स्वतःच निघाले. बंदर इतकं लांबलचक, की आधी बसने त्याच्या फाटकापर्यंत जायचं, मग स्टेशन गाठायचं. लोकल गाडीचं तिकीट पाच युरोच्या आसपास, तासाभरात सान पिएत्रो स्टेशन, आणि तिथून पायी गेलं की व्हॅटिकन. काम सोपं आणि स्वस्त. फक्त त्यात एक मेख आहे. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्ही आपले आपण गेलात, तर जहाज तुमच्यासाठी डोळ्यांतून टिपूसही न काढता निघून जातं. पुढचं बंदर कसं गाठायचं ते तुमचं तुम्ही बघायचं, तुमच्या खर्चाने. हे वाक्य इतक्यांदा ऐकवतात की सिस्टिन चॅपेलच्या छताकडे मान वर करून बघतानाही माझा डोळा मनगटावर होता. मायकेलअँजेलोला ते छत रंगवायला 1508 ते 1512 एवढा काळ लागला. मी ते दहा मिनिटांत उरकलं.

लिव्होर्नोला उतरून पिसा. मनोरा 1173 मध्ये बांधायला घेतला आणि मग तो कलला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण समोरच्या हिरवळीवर काय चालतं ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही. शेकडो माणसं हवेत हात रोवून उभी, चेहऱ्यावर प्रचंड ताण, आणि समोर कुणीतरी फोन धरून "थोडं डावीकडे!" करून ओरडतंय. कोन नेमका साधला की फोटोत माणूस मनोरा सावरतोय असं दिसतं. या कामाला दोन माणसं लागतात. एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने मी जे काही केलं, त्यात मी मनोऱ्याच्या थोबाडीत मारते आहे असं दिसतं.

अनोळखी माणसाला फोन द्यायचा तर निवड नीट करावी लागते. माझा नियम असा, की ज्याला पळता येणार नाही त्यालाच विचारावं. बाबागाडीत एक, कडेवर एक आणि पॅंटला लोंबकळणारं एक, असा बाप दिसला. मोठ्या विश्वासाने फोन दिला. त्याने खरोखर मन लावून फोटो काढला. मी पूर्ण आले, हिरवळ पूर्ण आली, मनोऱ्याचा तेवढा तळमजला आला.

माल्टाच्या राजधानीला, व्हॅलेटाला, जहाज थेट मोठ्या बंदरात शिरतं, आणि समोर पिवळसर दगडाची तटबंदी अशी उभी ठाकते की डेकवरचे बडबडे लोकसुद्धा गप्प होतात. धक्क्याजवळून 58 मीटरची लिफ्ट तुम्हाला वरच्या बागेत नेऊन सोडते. कठड्याखाली तोफांची रांग आहे आणि दुपारी बाराला त्यातली एक उडवतात. हे मला ठाऊक होतं, घड्याळाकडे बघतच उभी होते. तरी आवाज झाला तेव्हा मी शेजाऱ्याचा दंड दोन्ही हातांनी पकडला. तो एक जाडजूड गृहस्थ होता. त्याने पाइप तोंडातून न काढता माझ्या हातावर थोपटलं. पलीकडे त्याची बायको उभी होती. तिने थोपटलं नाही.

एकट्या माणसाचा कुठे आदर होत असेल तर तो इटलीतल्या कॉफीच्या काउंटरवर. तिथे कुणी "किती जण?" विचारत नाही. उभ्यानेच प्यायची, बसलात की बहुतेक ठिकाणी दर वाढतो. चिमुकला कप, तीन घोट, कप खाली, माणूस बाहेर. सोबत असली तर अडचणच व्हायची. नेपल्समध्ये तर आणखी एक जुनी रीत आहे, 'काफ्फे सोस्पेसो'. आपण एक कॉफी प्यायची, पैसे दोन कॉफींचे द्यायचे, आणि दुसरी कॉफी नंतर येणाऱ्या, खिसा रिकामा असलेल्या कुणा अनोळखी माणसासाठी राखून ठेवायची. काउंटरवरच्या बुवाने मला हे हातवारे करून समजावलं. न आलेल्या माणसाचे पैसे द्यायचा माझा सराव दांडगा होता. मी लगेच दिले, आणि या वेळी तो कधीतरी येईल तरी, म्हणून बरंही वाटलं.

नेपल्सचं बंदर शहराला चिकटूनच आहे, धक्क्यावरून चालत किल्ल्यापाशी पोहोचता येतं. त्यामुळे मी भरपूर आधी जहाजावर परतले. तसं पाहिलं तर मी सगळीकडेच भरपूर आधी परतायचे. आपलं घड्याळ बघणारं दुसरं कुणी नाही म्हटल्यावर आपण ते पाचपाच मिनिटांनी बघतो. डेकवर बरीच मंडळी ग्लास घेऊन कठड्याला टेकली होती. जहाज सुटायच्या वेळी धक्क्यावरून पळत येणारे प्रवासी बघणं हा क्रूझवरचा सर्वांत लोकप्रिय आणि पूर्णपणे मोफत करमणुकीचा कार्यक्रम आहे.

परतायची वेळ टळून गेली होती. शिडी काढायची तयारी चालली होती. आणि धक्क्याच्या टोकाला एक ओळखीची जांभळी ओढणी दिसली.

काकू पुढे होत्या. पर्स छातीशी, चपला हातात. मागे काका, दोन्ही हातांत पिशव्या, आणि त्यातली एक ते तान्ह्या बाळासारखी सांभाळत होते. दोघं पॉम्पेईला आपले आपणच गेले होते, कारण जहाजाच्या सहलीचे दर ऐकून काकांनी हात जोडले होते.

"काकू, पळा!" मी ओरडले.

शेजारच्या जर्मन गृहस्थांना हा शब्द आवडला. "पळा!" ते गरजले. मग दोन ब्रिटिश आजी. मग सगळा कठडा. तीनेक खंडांतली माणसं ग्लास उंचावून एका सुरात "पळा! पळा!" करत होती, आणि खाली काकू खरोखर पळत होत्या. त्या शिडीवर चढल्या तेव्हा झालेला टाळ्यांचा कडकडाट त्या रात्रीच्या जादूगाराला मिळाला नाही.

जेवताना टेबलावर वातावरण तंग होतं.

"मला वाटलं तू बघते आहेस घड्याळ," काका म्हणाले.

"मी बघायचं? घड्याळ तुमच्या हातात!"

"हातात माझ्या आहे, पण चष्मा तुझ्या पर्समध्ये होता."

पिशवीतली लिमोंचेल्लोची, म्हणजे लिंबाच्या इटालियन दारूची बाटली सुरक्षा तपासणीत काढून घेतली होती, ती आता शेवटच्या दिवशी मिळणार होती. काका पावतीकडे बघत लिंबूपाणी पीत होते. मी काकूंना म्हटलं, "तुम्ही दिसत नव्हता, जीव खालीवर झाला हो माझा."

काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला. "आमचं काय गं, आम्ही दोघं होतो. तू इथे एकटी, तुझ्याच काळजीने पळत आलो."