कॉम्प्युटर म्हणतो घोडचूक, मी म्हणते जिंकले

ठाण्याहून वाशीची गाडी सुटली की मी लगेच फोनवर बुद्धिबळाचा डाव सुरू करत नाही. आधी बोगदा लागतो. बोगद्यात रेंज जाते आणि आपलं घड्याळ मात्र पळत राहतं. सुरुवातीला हे लक्षात आलं नव्हतं, तेव्हा दोन चांगले जमलेले डाव त्या अंधारात वेळ संपल्यामुळे गेले. आता ऐरोली येईपर्यंत पर्स मांडीवर नीट घ्यायची, चढणाऱ्या बायकांना सरकून चौथी सीट द्यायची आणि गाडी हलली की दहा-दहा मिनिटांचा डाव लावायचा. बहुतेक वेळा वाशीच्या आत संपतो.

मी मार्केटात एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघते. वय 47. लहानपणी काकाने शिकवलं होतं, मग लग्न, मुलं, सासूबाईंचं आजारपण, यात पंचवीस वर्षं पटाला हात लागला नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुलाच्या फोनवर परत सुरू केलं आणि ते काही सुटलं नाही. ही पोस्ट लिहायला कारण घडलं ते आमच्या ऑफिसात. एका तरुण मुलाला मी माझा सगळ्यात आवडता डाव दाखवला. त्याने डाव पूर्ण बघितलाही नाही, विश्लेषणाचं बटण दाबलं आणि म्हणाला, "मॅडम, इथे तर तुमची घोडचूक आहे. तुम्ही हरायला हव्या होतात. समोरच्याने चुकून वजीर खाल्ला म्हणून जिंकलात."

मुलगा चांगला आहे, वाईट हेतूने बोलला नाही. पण मी दोन दिवस त्याच वाक्यावर अडकून होते.

तो डाव सांगते. मी पांढऱ्या सोंगट्यांनी, समोर ब्राझीलचा झेंडा लावलेला कोणीतरी. राजासमोरची प्यादी दोघांनी दोन-दोन घरं टाकलेली. माझा उंट एफ-7 च्या, म्हणजे त्याच्या राजाशेजारच्या प्याद्यावर डोळा ठेवून, दोन्ही घोडे बाहेर. त्याने उंट आणून माझा घोडा वजिरावर बांधून ठेवला. म्हणजे घोडा हलला की मागचा वजीर गेला. आणि तेवढ्यात मला काकाचा आवाज आठवला. नौपाड्याच्या घरी गणपतीत रात्री जागायला बसायचो, तेव्हा तो हा सापळा लावून दाखवायचा: "वजीर देऊन टाक. बघ घेतो का."

रबाळे येत होतं. मी घोडा उचलला आणि मधलं प्यादं मारलं. वजीर उघडा पडला. सात-आठ सेकंद काही झालं नाही. मग त्याने वजीर खाल्ला. माझ्या उंटाने एफ-7 चं प्यादं मारून शह दिला, त्याचा राजा एक घर पुढे आला, दुसरा घोडा डी-5 वर जाऊन बसला आणि मात. माझ्या दोन घोड्यांनी आणि एका उंटाने त्याचा राजा भर पटावर कोंडला होता आणि माझा वजीर पटावर नव्हता. समोर उभी असलेली बाई म्हणाली, "काय हो, चांगली बातमी का?" इतकं तोंडावर दिसत होतं.

ह्या मातेला लेगालची मात म्हणतात. लेगाल हा अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू, त्या काळच्या नामवंत फिलिडोरचा गुरू. आता कॉम्प्युटरचं म्हणणं असं की समोरच्याचा दुसरा घोडा सी-6 वर होता, त्याने वजिराचा मोह सोडून त्या घोड्याने माझा घोडा मारला असता तर मी एका प्याद्याच्या बदल्यात घोडा घालवून बसले असते. शंभर टक्के खरं आहे. मी पट मांडून तपासलं. गंमत म्हणजे लेगालच्या डावाच्या ज्या नोंदी आहेत, त्यातल्या काहींमध्येही हेच छिद्र आहे. आणि दुरुस्ती अगदी सोपी आहे: आधी एच-3 ला प्यादं टाकून त्याच्या उंटाला मागे हुसकवायचं, मग घोडा उडवायचा. मग त्याने घोड्याने घोडा मारला तरी माझा वजीर त्याचा उंट खातो. त्याने माझा उंट घेतला, तर वजिराने शह देऊन तो घोडा परत मिळतो आणि वर एक प्यादं माझं. हे मी आता पाठच केलंय.

म्हणजे कॉम्प्युटरवर माझा राग नाही. मी खेळते ते लिचेस नावाच्या अ‍ॅपवर. 2010 मध्ये एका फ्रेंच माणसाने सुरू केलं. पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत, सगळं देणग्यांवर चालतं. त्यातलं स्टॉकफिश, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅमही फुकट, आणि जगातला कुठलाही माणूस त्याच्यापुढे टिकत नाही. 1997 मध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवायला आयबीएमला कपाटांएवढं यंत्र लागलं होतं, आज त्याहून तगडं माझ्या पर्समध्ये आहे. वाशीच्या हिशेबनीस बाईला असा मास्तर मिळणं ही लहान गोष्ट नाही आणि मी रोज त्याचा फायदा घेते.

पण मास्तरने वही तपासायची. जिंकलं कोण हे त्याने ठरवायचं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

12 डिसेंबर 2024 आठवा. सिंगापूर, जगज्जेतेपदाच्या लढतीचा शेवटचा, चौदावा डाव. आपला गुकेश आणि चीनचा डिंग लिरेन, दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण. गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण डाव बरोबरीकडे चाललाय असंच सगळे म्हणत होते. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ-2 वर नेला. त्याचा उंट पार कोपऱ्यात होता. गुकेशने हत्ती मारून घेतले, मग उंटाला उंट भिडवला, आणि उरलेल्या राजा-प्याद्यांच्या डावात डिंगला काही राहिलंच नाही. कॉम्प्युटरच्या भाषेत ती डिंगची घोडचूक. म्हणून अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला नाही असं कोणी म्हणतं का? तो पोरगा रडत रडत सोंगट्या परत जागेवर मांडत होता, ते बघून मीही स्वयंपाकघरात डोळे पुसले. तो पंचावन्नाव्या चालीपर्यंत बसून राहिला, बरोबरी न मागता खेळत राहिला, म्हणून तर ती चूक झाली. समोरच्याला प्रश्न टाकत राहणं हाच खेळ आहे. त्याचं उत्तर चुकलं तर तो डाव आपलाच.

माझ्या वहीत (हो, मी वही ठेवते, दोनशे पानी, जिंकलेला डाव आवडला तरच लिहायचा) असाही एक डाव आहे ज्यात कॉम्प्युटरला माझी एकही मोठी चूक सापडली नाही. तो मला लेगालपेक्षा किंचित कमीच आवडतो, पण अभिमान त्याचा जास्त. रात्रीचे साडेअकरा, ओट्यावर सकाळच्या डब्याची भाजी चिरून ठेवलेली, आणि माझ्याकडे हत्ती आणि एक प्यादं, त्याच्याकडे नुसता हत्ती. प्यादं सातव्या ओळीत पोचलेलं, पण माझाच राजा त्याच्यापुढे शेवटच्या घरात अडकलेला. त्याचा राजा दोन उभ्या पट्ट्या पलीकडे. या मांडणीला लुसेनाची स्थिती म्हणतात. महिनाभर रोज रात्री मी तीच मांडून सोडवत होते.

युक्ती अशी: घाईने राजा बाहेर काढायचा नाही. आधी आपला हत्ती चौथ्या ओळीत आणून ठेवायचा. बघणाऱ्याला वाटतं, ही बाई उगाच चाल फुकट घालवतेय. मग त्याच्या राजाला एक शह देऊन आणखी लांब ढकलायचं आणि आपला राजा बाहेर काढायचा. तो हत्तीने शह देत सुटतो. आपण एकेक घर खाली उतरत यायचं, आणि राजा पाचव्या ओळीत पोचला की चौथ्या ओळीतला हत्ती मध्ये आडवा घालायचा. शह संपले, प्याद्याचा वजीर झाला. याला पूल बांधणं म्हणतात. माझा हत्ती आडवा गेला त्याच क्षणी समोरच्याने डाव सोडला. म्हणजे त्यालाही माहीत होतं. दोघांनाही एकच गोष्ट माहीत होती, तो कुठल्या देशातला कोण, आणि मी ठाण्याच्या ओट्यापाशी उभी. घरात सगळे झोपलेले, कोणाला उठवून सांगणार? वहीत लिहिलं आणि झोपले.

उलट काही विजय वहीत येत नाहीत. समोरच्याचं इंटरनेट गेलं आणि अ‍ॅपने "विजय घ्या" म्हटलं, तो नाही. आणि एकदा निरोप आला की ज्याच्याशी मी हरले होते त्याने नियम मोडले होते, म्हणून माझे गुण परत देत आहेत. गुण परत आले, बरं वाटलं. पण त्या डावानंतर दोन तास मी स्वतःला काय काय बोलले होते, ते कसं परत येणार? फसवून खेळणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की पलीकडे माणूस बसलेला असतो. दिवसभर राबून त्याने तेवढी वीस मिनिटं स्वतःसाठी काढलेली असतात.

रेटिंगचंही, म्हणजे त्या गुणांच्या आकड्याचंही, तसंच. माझं चौदाशेच्या आसपास फिरतं. ते वाढावं असं मनापासून वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मागच्या वर्षी अमुक तारखेला किती होतं ते मला सांगता येणार नाही. घोडा उचलला तेव्हा रबाळे येत होतं, हे मात्र सांगता येतं.

आणि त्याच डब्यात घणसोलीला चढणारी एक ताई आहे, मटार सोलत माझा डाव बघते. तीन महिने काही बोलली नाही. परवा तिने विचारलं, "ताई, घोडा अडीच घरं जातो ना? मग आत्ता तो त्या कोपऱ्यातल्या हत्तीला खात होता, तुम्ही खाल्ला का नाही?" मी बघितलं. खात होता. मला दिसलंच नव्हतं. सोमवारी तिच्यासाठी चुंबकाचा छोटा पट घेऊन जातेय. दहा मिनिटांचं घड्याळ नाही, अ‍ॅप नाही. घणसोली ते वाशी, जेवढ्या चाली होतील तेवढ्या.

तुमच्यातले जे कोणी खेळत असाल, तुमचा एखादा लक्षात राहिलेला डाव खाली लिहा. शेवटच्या चार-पाच चाली लिहा, आणि तेव्हा कुठे बसला होतात तेही. कॉम्प्युटरने त्याला काय म्हटलं ते लिहू नका.