घरातले जुने थेंब नकोच

‘डोळे आले की घरात असलेले थेंब दोन दिवस घालून पाहा’ हे डोळे येण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य कृपया काढून टाका. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हा ऐरोलीत आमच्या सोसायटीतली कितीतरी मुलं लाल डोळ्यांनी घरी बसली होती. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला मीही ताईची उघडलेली जुनी बाटली वापरली. डॉक्टरांनी त्यावरच्या ‘डेक्सामेथासोन’ या शब्दावर बोट ठेवलं, तेव्हा पोटात गोळाच आला. म्हणजे स्टेरॉइड! त्यानं लाली उतरते म्हणून आपल्याला बरं वाटतं, पण संसर्ग बळावू शकतो, डोळ्यातला दाबही वाढू शकतो. शिवाय उघडलेली बाटली साधारण ४ आठवड्यांनी टाकूनच द्यायची असते.

उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून चिपडं पुसायची, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा, हे मात्र फार छान लिहिलंय. आमचं शेवटी त्यावरच भागलं. साथीतले डोळे बहुतेकदा विषाणूमुळे येतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप निवळतात. पण मूल उजेडाकडे बघत नसेल, डोळा दुखत असेल किंवा अंधुक दिसतंय म्हणत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर अजिबात थांबू नका.